अळंबी आणि अंगारा

ताज्या बटण अळंबीचं पाकीट घरात आलं की उद्याचा बेत आपण ठरवायचा नसतो, तो ती ठरवते. आज पांढरीशुभ्र, परवा ठिपकेवाली, तेरवा बुळबुळीत. कागदी पिशवीत ठेवली तर थोडी दमानं घेते, इतकंच. शिवाय तिच्यात शंभरातले नव्वद भाग पाणी. कढईभर चिरून टाकावी, तिने तळं करावं, ते आटवता आटवता गॅस संपत यावा आणि चार पाहुण्यांसमोर वाटीभर भाजी उरावी. पाण्याला भाजीचा भाव देणारं गिऱ्हाईक अळंबीवाल्याइतकं फक्त दूधवाल्यालाच मिळतं.

यावर उपाय म्हणून जिमवाल्या भाच्याने अळंबीच्या पावडरीची बरणी आणली. "मामा, कॉफीत घाल. मेंदू तल्लख होतो." घातली. कॉफीला कुंडीतल्या मातीचा वास आला. मेंदू मात्र खरोखर तल्लख झाला, कारण त्याने ताबडतोब बरणीची किंमत विचारली. मग चष्मा लावून बारीक अक्षरंही वाचली. या धंद्यात काही पावडरी अळंबीच्या नसतातच. धान्यावर बुरशीचे तंतू वाढवतात आणि धान्यासकट वाळवून दळतात. म्हणजे बरंचसं पीठच, फक्त भाकरी होत नाही.

कुडाळची आत्या तेव्हा आमच्याकडेच होती. बरणी हुंगून म्हणाली, "मेल्या, ह्यो खंयच्या देवाचो अंगारो?"

आत्याच्या लेखी अळंबी एकच, पावसाळ्यात वारुळावर उगवणारी. ती बुरशी वाळवी आपल्या घरात पोसते. माणसाला तिची शेती अजून साधलेली नाही. त्यामुळे कोकणात तिची जागा ठाऊक असलेला माणूस सख्ख्या भावालाही पत्ता देत नाही. कांदा-खोबऱ्याच्या वाटपात ती शिजली की श्रावणातल्या जिभेला मटणाचा विरह सोसतो. हे सुख दळता येत नाही, कारण त्यातलं अर्धं दाताखाली असतं.

तरी पावडरीची बाजू अगदीच लंगडी नाही. जपानी लोक ताजी शिताके अळंबी मिळत असूनही वाळवलेली मुद्दाम घेतात. वाळवून, भिजवून शिजवली की तिच्यात ग्वानिलेट नावाचं चवीचं द्रव्य तयार होतं आणि रश्शाला ताज्या अळंबीपेक्षा भरीव चव येते. भिजवलेलं पाणी तर ते टाकतच नाहीत. उन्हात वाळवली तर ड जीवनसत्त्वही वाढतं. हे सांगितल्यावर आत्याने "उन्हात" एवढंच ऐकलं आणि आपणच जिंकल्याचं जाहीर केलं.

तेव्हा भाजी करायची तर ताजीच आणा आणि त्याच दिवशी करा. पावडर घ्यायचीच तर निव्वळ शिताकेची घ्या, चमचाभर आमटीत किंवा पुलावात टाका, बरणीत ओला चमचा घालू नका. आणि कॉफीला कृपा करून तेवढं सोडा.