गाडीलाही गाडी

चाकरमान्याने कर्ज काढून गाडी घेतली ती एसटीच्या रांगेतून सुटण्यासाठी. मग महामार्गाने त्याला गाठले. मुंबई-गोवा रस्त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झाले. तेव्हा पहिलीत गेलेली पोरे एव्हाना मतदार झाली.

यावर कोकण रेल्वेने 2025 च्या गणपतीत उतारा काढला: मोटारच रेल्वेत चढवा! ट्रकांची अशी वाहतूक ती 1999 पासून करतेच आहे. मोटारीचे भाडे 7,875 रुपये, माणसांचे तिकीट वेगळे. संध्याकाळी 5 ला कोलाडहून निघायचे, पहाटे 5 ला वेर्ण्याला उतरायचे. एका फेरीत 40 मोटारींची सोय. 16 सुद्धा जमल्या नाहीत तर फेरी रद्द.

आता नकाशा पाहा. मुंबईहून कोलाड गाठायचे म्हणजे पनवेलनंतरचा तोच बदनाम टप्पा स्वतः चालवत जायचे. वेर्णा तर गोव्यात. म्हणजे कणकवलीच्या गणपतीला निघालेल्याने झोपेत आपले गाव ओलांडायचे आणि पहाटे उलट फिरून यायचे. ओरड झाल्यावर कणकवलीजवळच्या नांदगावला थांबा मिळाला, 5,460 रुपयांत. रत्नागिरीकराने मात्र रुळांवरून आपले गाव नुसते जाताना बघायचे.

गावी पोचलेली मोटार मग पाच दिवस माडाखाली झावळी पडेल या धास्तीत उभी राहते. घरची आजी बाजाराला जाते ती एसटीने. पंचाहत्तरी उलटल्यामुळे तिला तिकीट पडत नाही.