एक कोटी डॉलरचा पाहुणा

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे परदेशी दहशतवादी संघटनांची एक यादी असते. 1997 साली ती प्रथम निघाली तेव्हा तीत 30 नावे होती. प्रवेशाच्या अटी तीन: संघटना परदेशी हवी, दहशतवाद करणारी किंवा करू पाहणारी हवी आणि तिच्यापासून अमेरिकेच्या नागरिकांना वा सुरक्षिततेला धोका हवा. पहिली अट नकाशा पाहून ठरते, दुसरी पुरावे पाहून, तिसरी मंत्र्यांची मर्जी पाहून. त्या मर्जीत डोकावणे आपले काम नव्हे, असे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने 1999 सालीच सांगून टाकले. त्यामुळे सगळी गंमत तिसऱ्या अटीत आहे. जानेवारी 2021 मध्ये येमेनचे हूथी बंडखोर यादीत आले, महिना उलटायच्या आत बाहेर पडले आणि मार्च 2025 मध्ये पुन्हा आत गेले. ज्यांच्याशी वीस वर्षे युद्ध चालले ते अफगाण तालिबान त्या साऱ्या काळात या यादीत कधीच नव्हते. वाटाघाटी करायच्या असतील तर समोरचा माणूस सोवळ्यातला बरा. सीरियाच्या अहमद अल-शरा यांच्या डोक्यावर तर 1 कोटी डॉलरचे इनाम होते. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी दमास्कस घेतले, इनाम गेले, मे महिन्यात रियाधला ट्रम्प भेटले, जुलैत त्यांची संघटना यादीतून उतरली आणि नोव्हेंबरात साहेब व्हाइट हाउसमध्ये पाहुणे!

कोणी म्हणेल, संघटना बदलतात, काळ बदलतो; कालच्या बंदूकवाल्याशी आज बोलावेच लागते. अगदी खरे. मंडेलांचे नाव अमेरिकेच्या निगराणी यादीत 2008 पर्यंत होते, ते त्याआधीच निघायला हवे होते. हूथींना वगळताना येमेनी जनतेचे अन्न अडेल हे दिलेले कारणही खोटे नव्हते. (लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर त्या भुकेचे वजन कमी भरले, एवढेच.) पण ही जर मुत्सद्देगिरी असेल, तर तिला फौजदारी कायद्याची वर्दी कशाला? याच यादीच्या आधारे 2010 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कुर्दांच्या पीकेकेला तंटा शांततेने सोडवण्याचे धडे देणे हीसुद्धा दहशतवादाला मदत. इराणची मुजाहिदीन-ए-खल्क 2012 पर्यंत त्याच यादीत होती. तिच्या बाजूने माजी मंत्री आणि सेनाधिकारी मानधन घेऊन भाषणे ठोकत होते. चौकशी झाली, खटला एकावरही नाही. बाकीच्यांसाठी कायद्यात 20 वर्षांपर्यंत कैद आहे.