वडापाव देण्यापूर्वी कर भरल्याची खात्री करावी

माझा भाचा अंधेरीला राहतो आणि त्याचा पगार यूएसडीटीमध्ये येतो. कंपनी कुठल्याशा बेटावर नोंदलेली, साहेब पोर्तुगालात, निम्मी टीम व्हिएतनाममध्ये आणि हा चार बंगल्याच्या मागे एका वन-आरकेत मांडीवर लॅपटॉप घेऊन. यूएसडीटी म्हणजे असं डिजिटल नाणं, ज्याची किंमत एका डॉलरच्या आसपास राहील अशी तजवीज केलेली असते. ‘मग सरळ डॉलरच का देत नाहीत रे?’ असं मी विचारलं, तेव्हा त्यानं हुबेहूब माझ्या बहिणीचा चेहरा करून माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यापुढे मी लहानपणापासून कधी जिंकलेलो नाही. गप्प बसलो.

तर या भाच्यानं मध्यंतरी एक कार्ड मागवलं. काळं, धातूचं, टेबलावर टाकलं की खण्णकन वाजणारं. आपलं नाणं कार्डवाल्या कंपनीकडे पाठवायचं, ती ते विकून कार्डात डॉलर भरते आणि मग जगात जिथे कार्ड चालतं तिथे म्हणे हे चालतं. ‘मामा, आता क्रिप्टोवर भाजी आणायची,’ तो म्हणाला. आतून बायको म्हणाली, ‘आण. पण भेंडी मोडून बघून घे.’

असल्या प्रीपेडचं कौतुक निदान माझ्यासारख्या मुलुंडच्या माणसाला तरी सांगू नये. आमची हयात आधी पैसे भरण्यात आणि मग वस्तू मिळते का ते बघण्यात गेली. आरेच्या केंद्रावर दुधाचं कार्ड असायचं आणि घरातल्या सगळ्या दस्तऐवजांत त्याचा मान मोठा. मग रेल्वेची कुपनं आली. ती स्टेशनवरच्या मशीनच्या फटीत सारून तारखेचा छाप उमटवायचा. त्या मशीनमध्ये शाई बहुधा स्टेशन बांधतानाच भरलेली असावी. कुपनावर काय उमटलंय ते आपल्याला कधी दिसायचं नाही. काहीच उमटलेलं नाही, हे मात्र टीसीला दादरच्या पुलावरून दिसायचं.

सोडेक्सोच्या कुपनांचा काळ तर सुवर्णकाळच. कंपनी ती जेवणासाठी द्यायची आणि आमचे दुकानदार शेठ त्यांवर तांदूळ, तेल, साबण, फिनेल, फार काय गणपतीच्या मखराची झालरसुद्धा द्यायचे. बिलावर सगळं ‘किराणा’. वरचे सात रुपये सुट्टे नसायचे, म्हणून चॉकलेटं. पगाराचं कुपन, कुपनाचा साबण, साबणावर चॉकलेट! २०१७ च्या अखेरीला रिझर्व्ह बँकेनं कागदी कुपनांचा खेळ आवरला आणि शेठच्या चेहऱ्यावरची रया गेली. हल्ली मेट्रोचं कार्ड वेगळं, बेस्टचं वेगळं, मॉलमधल्या खेळघराचं वेगळं. प्रत्येकात पंचवीस-तीस रुपये अडकलेले, जे खर्चही होत नाहीत आणि परतही मिळत नाहीत. आमच्या ड्रॉवरमध्ये अशी जी मालमत्ता पडून आहे, तिच्यावर एखादं छोटं एक्स्चेंज सहज निघेल.

कार्डाचं उद्घाटन घाटकोपरच्या खाऊगल्लीत करायचं ठरलं. भाचा अंधेरीहून मेट्रोनं आला. मेट्रोच्या फाटकानं त्याच्या कार्डाला ओळखसुद्धा दाखवली नाही, म्हणून तिकीट त्यानं यूपीआयनं काढलं होतं. मी हे बोलून दाखवलं नाही. वल्लभबाग लेनमध्ये एका डोशाच्या गाडीपाशी उभे राहिलो. तव्यावर चीज, शेजवान चटणी, किसलेलं बीट आणि लोण्याची लादी यांची मारामारी चाललेली. क्यूआरची स्टिकरं गाडीच्या चारी अंगांना, एक तर चटणीच्या पिंपावर.

भाच्यानं कार्ड काढलं. डोसेवाल्यानं कार्डाकडे बघितलं, मग भाच्याकडे, मग सोबतचा थोरला माणूस म्हणून माझ्याकडे. ‘मशीन आहे ना आपल्याकडे,’ तो म्हणाला, पण ते सरकारी कचेरीत पाणी आहे म्हणतात त्या सुरात. गाडीखालच्या खोक्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मशीन निघालं. कुणीतरी ते फडक्यानं पुसलं. चार्जिंग नव्हतं. शेजारच्या सरबतवाल्यानं वायर दिली. मशीन जागं झालं आणि नेटवर्क शोधू लागलं, तसा डोसेवाल्याचा पोऱ्या ते उंच धरून आधी रस्त्याच्या मध्ये आणि मग एका उभ्या रिक्षाच्या टपाशी जाऊन थांबला. इकडे आमचा डोसा एका कडेनं काळा व्हायला लागलेला. मागच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, जीपे करा की! पोरं भुकेली आहेत.’ अखेर मशीननं चिठ्ठी बाहेर टाकली: व्यवहार नामंजूर. आणि त्याच क्षणी भाच्याचा मोबाइल टुणकन वाजला: डॉलर वळते झाले.

मशीन म्हणतं मिळाले नाहीत, कार्ड म्हणतं दिले. भाचा तिथल्या तिथे कंपनीशी चॅटवर भांडायला बसला. पलीकडे यंत्रमानव होता. त्यानं अतिशय नम्रपणे दुकानाचं अधिकृत नाव, पत्ता आणि पावतीचा फोटो मागितला. भाच्यानं लिहिलं: गाडी, सरबतवाल्याच्या शेजारी. उत्तर आलं, आम्हाला ही संस्था सापडत नाही.

मी स्कॅन केलं. गाडीवरचा डबा खणखणीत आवाजात रक्कम बोलला, डोसेवाल्यानं मानही वर न करता पुढचा डोसा टाकला. भाच्यांच्या बाबतीत मामा हेच मूळचं प्रीपेड साधन आहे. त्याला केवायसी लागत नाही आणि तो नामंजूर होत नाही.

समजा, त्या दिवशी कार्ड चाललं असतं. तरी काय झालं असतं बघा. बेटावरचं नाणं विकून डॉलर, त्यात कार्डवाल्याची कात्री. डॉलरचे रुपये, त्यात आणखी कुणाची तरी. मग मशीनवाल्या बँकेचा हिस्सा. एवढा द्राविडी प्राणायाम करून डोसेवाल्याच्या हातात काय, तर रुपये! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडीसुद्धा नाही, बिटाचा डोसा. ज्या नाण्यानं म्हणे बँका आणि दलाल कायमचे घरी बसवायचे होते, ते खर्चायला निघालं की वाटेत दलालांचीच रांग लागते. मला तर यात गंमत वाटते, कारण ही परंपरा अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या लास्लो हॅनयेच नावाच्या प्रोग्रॅमरनं १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले. क्रिप्टोवाले आजही तो दिवस सणासारखा साजरा करतात. पण पिझ्झावाल्याला बिटकॉइन मिळालेच नाहीत! एका पोरानं मध्ये पडून नाणी स्वतःकडे ठेवली आणि दुकानाचे पैसे नेहमीच्या चलनात चुकते केले. म्हणजे भाच्याचं काळं कार्ड जे करतं, तेच त्या पोरानं केलं. फक्त तो वाजत नव्हता.

‘पण मामा, यावर कुणाचं नियंत्रण नाही,’ हे भाच्याचं पालुपद. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं व्हिसाचं नाव मी त्याला दाखवलं. जानेवारी २०१८ मध्ये व्हिसानं जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्ट या कंपनीशी संबंध तोडले आणि तिच्यामार्फत निघालेली क्रिप्टो कार्डं एका फटक्यात प्लास्टिकचे तुकडे झाली. त्याच वर्षी ६ एप्रिलला आपल्या रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली. ऑक्टोबरमध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये क्रिप्टोचं एटीएम उभं राहिलं, ते काही दिवसांत पोलिसांनी उचलून नेलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं रिझर्व्ह बँकेची ती मनाई रद्द ठरवली, तेव्हा भाच्यानं आम्हाला पेढे दिले होते. मग लॉकडाउन लागला आणि पेढ्यांचं कारण सगळे विसरले. प्रीपेड कार्डांचा देशी नियम मात्र सरळ आहे: त्यात भरणा करायचा तो रुपयांतच. म्हणून असली कार्डं परदेशातून येतात, आणि तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास तर २०२२ मध्ये म्हणालेच होते की या चीजांच्या मुळाशी काही नाही, ट्युलिपचं फूलसुद्धा नाही.

दासांच्या संस्थेनं स्वतःचा डिजिटल रुपया मात्र काढला. १ डिसेंबर २०२२ ला तो सामान्यांसाठी चाचणी म्हणून निघाला, पहिल्या चार शहरांत मुंबई होती. मी हौसेनं घेतला. त्यात नोटा आणि नाणी वेगवेगळी दिसतात. पाचशेची, दोनशेची, शंभराची, पार खाली चिल्लरीपर्यंत. मोबाइलमध्ये सुट्टे! रिझर्व्ह बँकेत कुणीतरी अस्सल मुंबईकर बसलेला असणार.

राहता राहिला कर. त्यासाठी बोरिवलीचे माझे साडू आहेत, ते सीए. क्रिप्टोबद्दल विचारलं की ते चष्मा काढतात, पुसतात आणि मगच बोलतात. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर. तोटा झाला तर तो तुमचा, कशातूनही वजा होत नाही. ‘पण याचं नाणं तर डॉलरला बांधलेलं, त्याला नफा कुठला?’ मी विचारलं. साडू प्रसन्न हसले. नाणं हाती आलं तेव्हा डॉलर ८३ रुपयांचा आणि कार्डात भरलं तेव्हा ८५ चा असेल, तर वरचे दोन रुपये नफा! म्हणजे रुपया घसरला की आमचा भाचा श्रीमंत होतो आणि तसं विवरणपत्रात लिहूनही द्यावं लागतं, प्रत्येक भरण्याची तारीख आणि खरेदीची किंमत यांसकट. नोकरदारांचा साधा आयटीआर-१, ज्याचं सरकारी नाव ‘सहज’ आहे, तो अशा माणसाला चालत नाही.

‘मग कार्ड नकोच,’ भाचा म्हणाला. ‘थेट नाणंच द्यायचं, मोबाइल टू मोबाइल. मध्ये कुणी नाही.’

साडूंनी पुन्हा चष्मा काढला. थेट नाणं दिलं तर कायद्याच्या लेखी भाच्यानं मालमत्ता विकली, वडापाववाल्यानं ती विकत घेतली आणि मोबदला वडापावाच्या रूपात दिला. १ जुलै २०२२ पासून अशा खरेदीवर एक टक्का टीडीएस आहे, तो कापायची जबाबदारी खरेदीदाराची. मोबदला वस्तूच्या रूपात असेल, तर ती वस्तू हातावेगळी करण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री खरेदीदारानं करून घ्यायची. थोडक्यात, वडापाववाल्यानं एका हातात वडापाव धरून ठेवायचा, दुसऱ्या हातानं चलन तपासायचं आणि मगच चटणी. बिटकॉइन दिलात तर नोंद पक्की व्हायची वाट वेगळी; एकेक ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी पडतो, खबरदार माणूस सहा ब्लॉक थांबतो. तेवढ्या वेळात मुलुंडची स्लो गाडी सीएसएमटीच्या आसपास पोचते. वडा गार होतो तो वेगळाच.

एक सवलत आहे, साडू म्हणाले. छोट्या माणसाला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत ही कापाकापी माफ.

स्टेशनबाहेरच्या आमच्या नेहमीच्या वडापाववाल्याला मी हे सगळं सविस्तर सांगितलं. संध्याकाळची सातची गर्दी होती, तरी त्यानं झारा न थांबवता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. क्रिप्टो त्याला ठाऊक होतं. त्याचा मेहुणा त्यात बुडाला होता. माफीची मर्यादा ऐकल्यावर मात्र त्यानं कढईकडे बघत मनातल्या मनात वीस रुपयांनी भागाकार केला.

‘म्हणजे रोजचे सात,’ तो म्हणाला. ‘काका, सात खाल्लेत तर इन्कम टॅक्सवाल्याच्या आधी डॉक्टर येईल. आज किती देऊ?’