एकशे सत्तावीसच्या खाली काही नाही

रोलँड कंपनीने 1985 साली पहिला ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅडसंच, बाजारात आणला, तेव्हा जपानी अभियंत्यांची एक भाबडी समजूत होती: वाजवणारा कधी हळू वाजवेल, कधी जोरात. म्हणून मिडीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या संकेतभाषेच्या, रीतीने काठीच्या फटक्याला 1 ते 127 अशा पायऱ्या. शून्य म्हणजे नाद बंद.

मुंबईतल्या बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या नवरात्रीच्या गरब्यात यातल्या 126 पायऱ्या बेकार असतात. पॅडची व्हेलॉसिटी, म्हणजे फटक्याचा जोर, 127 वर कायम केली, की करंगळी टेकवा नाहीतर हातोडा घाला, ढोल सारखाच दणाणतो. इतकी कडक समता राज्यघटनेलाही जमलेली नाही.

चॅनेलचं तसंच. मिडीचे चॅनेल 16. जनरल मिडी या प्रमाण मांडणीत तालवाद्यांसाठी दहावा. चुकून पहिला लागला, तर साउंड मॉड्यूल ढोलाऐवजी पियानो वाजवू लागतं. तरी गरब्याचा फेर थांबेलच असं नाही. आवाज मोठा असला की झालं.

पायऱ्या कायद्यालाही आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकारने ठरवलेल्या मोजक्या रात्री बारापर्यंत मुभा. ही सवलत वेळेची, आवाजाची नव्हे, हा तपशील मंडपाबाहेर चपलांजवळच राहतो.

यंत्राला शून्याचा अर्थ बरोबर कळतो. संयोजकांना मात्र शून्य आवडतं ते देणगीच्या पावतीवर, आकड्याच्या उजवीकडे.