मुलगा बिनलग्नाचा आहे हो!

बंगळुरात कोथिंबीर दहा मिनिटांत घरपोच येते. नवरा मात्र घरात आयता येऊन बसलेला असला, तरी तो परदेशी असेल तर कायद्याने हाती पडायला तीस दिवस लागतात. हे तीस दिवस शेवटचे. त्याआधीचे महिने कोणी मोजत नाही.

आमच्या नात्यातली मुलगी मूळची बेळगावच्या टिळकवाडीची. नोकरीला बंगळुरात. तिने स्टुटगार्टचा इंजिनिअर पसंत केला. मुलगा सरळ आहे, पिठलं खातो, मोठ्यांना वाकून नमस्कार करतो. मुलीच्या आत्याचं म्हणणं होतं, भटजी बोलवा, अंतरपाट धरा, अक्षता टाका आणि मोकळे व्हा. पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्याला वधूवर दोघेही हिंदू लागतात, आणि वाकून नमस्कार केल्याने माणूस हिंदू होत नाही. तेव्हा राहिला 1954 चा विशेष विवाह कायदा. तो मनाने मोठा आहे. ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ म्हणतो, नागरिकत्व विचारत नाही. नंतर जे विचारायचं ते बाकीचे विचारतात.

पहिला प्रश्न: मुलगा बिनलग्नाचा कशावरून?

पूर्वी आपल्याकडे ही चौकशी मध्यस्थ करायचे. गावच्या एस.टी. स्टँडवर दोन चहा पाजले की मुलाच्या तीन पिढ्यांचा इतिहास कळायचा. स्टुटगार्टला ती सोय नाही. तिथे विवाह नोंदणी कार्यालय ‘विवाहास पात्र’ असा दाखला देतं. त्याची मुदत सहा महिने. सातव्या महिन्यात मुलगा पुन्हा संशयित. अमेरिकेचा नवरा त्या मानाने परवडला. तिकडे असा दाखला देणारं केंद्र सरकारचं कार्यालयच नाही, म्हणून तो वकिलातीत जाऊन स्वतःच शपथेवर सांगतो की मी अविवाहित आहे. अधिकारी त्याची सही खरी असल्याचं सांगतो, मजकुराची हमी देत नाही. म्हणजे मुलाचा शब्द तो मुलाचाच, फक्त खाली शिक्का.

जर्मन माणूस असा ऐकीव शब्दावर चालत नाही. मुलाला दाखला द्यायचा तर मुलगीही लग्नास पात्र आहे का हे त्यांना आधी बघायचं असतं. म्हणजे मुलगा मोकळा आहे हे बंगळुरूला कळावं म्हणून मुलगी मोकळी आहे हे स्टुटगार्टला कळवायचं. आता काढा मुलीचा जन्मदाखला.

जन्मदाखल्यावर आईचं नाव, वडिलांचं नाव, लिंग ‘स्त्री’. मुलीचं नाव नाही. कारण दवाखान्याने नोंद केली तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि नंतर ते नाव कचेरीत जाऊन चढवायचं राहून गेलं. ते आता चढवलं. मग निघालं गावाचं नाव. दाखल्यावर इंग्रजीत बेलगाम, आधारवर बेळगावी. 1 नोव्हेंबर 2014 रोजी कर्नाटकाने बारा शहरांची नावं बदलली, त्यात बंगलोरचंही बेंगळुरू झालं. आम्ही सीमाभागातली माणसं 1956 पासून भांडतोय ती हे गाव कोणत्या राज्यात असावं यावर. जर्मन साहेबाची शंका त्याहून मूलभूत निघाली: ही गावं दोन, की एकच?

बरं, दाखल्यावर अपोस्टिल मारून पाठवावा, तर तेही नाही. भारत 2005 साली अपोस्टिलच्या हेग करारात आला. पन्नास रुपये सरकारी फी भरली की परराष्ट्र खात्याचा शिक्का बसतो आणि दाखला करारातल्या इतर देशांत चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशालाच आक्षेप घेतला. त्यामुळे वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी होते, म्हणजे त्यांचा वकील मूळ कचेरीत जाऊन जुनं रजिस्टर बघून येतो. खर्च अर्थात आपला. बेळगावच्या त्या रजिस्टरवरची धूळ झटकायला युरोपातून कोणी पैसे मोजायला लावेल, असं तिथल्या कारकुनाला स्वप्नातही वाटलं नसेल.

“खानोलकरांची सून विसरलात?” आत्याने मध्येच विचारलं. विसरलो नव्हतो. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलीने 1932 साली विक्रम खानोलकरांशी लग्न केलं, ती सावित्रीबाई झाली आणि परमवीर चक्राचं रेखाटन तिने केलं. बंगळुरातही उदाहरण आहे. रशियन चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक आणि अभिनेत्री देविकाराणी यांचं लग्न 1945 चं. पुढे ती दोघं कनकपुरा रस्त्यावरच्या तातगुणी इस्टेटीत राहिली. दोघं गेल्यावर त्या इस्टेटीसाठी 1996 मध्ये राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला आणि प्रकरण 2011 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चाललं. सरकार लग्नात थोडा उशीर करतं, पण पाठ सोडत नाही.

असो. सगळे कागद जमले की विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं हवं. नोटिशीत वय, धंदा, पत्ता, शिवाय अविवाहित, विधुर की घटस्फोटित हेही लिहायचं. ती कचेरीच्या भिंतीवर लागते. मुलीचा कायमचा पत्ता टिळकवाडीचा, म्हणून एक प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे. मग तीस दिवस हरकतींसाठी. रुसव्याफुगव्याला कायद्याने दिलेली ही अधिकृत मुदतच. पण मुलगा बीफ खातो ही हरकत चालत नाही. वय, आधीचा जोडीदार, मानसिक स्थिती आणि निषिद्ध नातं एवढंच चालतं. उगाच हरकत घेतली तर हजार रुपयांपर्यंत खर्च बसू शकतो. आत्या हजार रुपये सुटे करून ठेवून आहे.

निषिद्ध नात्यांची यादी वाचण्यासारखी आहे. वरासाठी 37, वधूसाठी 37. त्यात मामेबहीण आहे, आतेबहीण आहे, मावसबहीणही आहे. आमच्या भागात मामाची मुलगी करायची रीत जुनी, तिच्यासाठी कायद्यात रूढीची पळवाट ठेवली आहे. स्टुटगार्टचा मुलगा टिळकवाडीच्या मुलीचा आतेभाऊ नाही, हेही लिहून द्यावं लागतं. दिलं.

कचेरीत खेटे घालताना मला नव्वदच्या दशकातली इथली एक वदंता आठवत राहिली. रात्री एक भूत दारं ठोठावतं, काहींच्या मते ते नवरा शोधत फिरणाऱ्या नवरीचं, म्हणून लोकांनी दारावर कन्नडमध्ये ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असं लिहून ठेवलं. भूत वाचून परत जाई. लोकांना ही युक्ती कुठून सुचली ते मी सांगू शकतो. “सर्व्हर डौन इदे, नाळे बन्नी” हे मी त्या खिडकीपाशी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या राजधानीत.

लग्न लागलं की संपलं असंही नाही. पुढे व्हिसाचा प्रकार बदला. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड हवं तर नोंदणी होऊन दोन वर्षं संसार टिकलेला दाखवा. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द. सासूबाईंनी एवढी कडक अट कधी घातली नसती.

तूर्त निकड वेगळीच आहे. नोटिशीनंतर तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. जर्मन दाखल्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. साक्षीदार लागतात तीन, आमच्याकडे दोन आहेत, कारण तिसऱ्याच्या आधारवर पत्ता बंगलोर आणि पॅनवर नाव निराळं. बंगळुरातल्या वाचकांपैकी कोणाला कामाच्या दिवशी सकाळी दहाला सवड असेल आणि सगळ्या कागदांवर नाव एकसारखं असेल, तर कृपया कळवा. मूळ प्रती आणाव्यात. जेवणाची सोय आहे.