बाराच्या डोक्यावर अकरा

राजगड ते तोरणा ही डोंगरधार पायाखाली सलग असली, तरी कागदावर ती दोन घरांत नांदते. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे चौकोन पाडताना १८ अंश १५ कलांची रेषा नेमकी या दोन गडांच्या मधून नेली. त्यामुळे राजगडाचा बालेकिल्ला ४७ एफ/१२ या टोपोशीटवर आला आणि तोरणा ४७ एफ/११ वर. अकरा वरच्या अंगाला, बारा खालच्या. धारेने जाणाऱ्याने दोन्ही शीटं घ्यावीत आणि मधली कड जुळवून पाहावी, एवढंच. आमच्याकडे दोन्ही होती. फक्त बारा नंबर भूगोलाच्या सरांकडे होता, अकरा बँकवाल्या काकांकडे, आणि राजगडावरच्या नाश्त्यापासून दोघांचा अबोला होता.

कारण झेरॉक्स. सरांचं शीट अस्सल छापील: समोच्च रेषा तपकिरी, पाणी असलेले ओढे निळे, कोरडे काळे, शेती पिवळी, झाडी हिरवी, वाटा तांबड्या. काकांनी अकरा नंबर कुणाकडून तरी मागून आणून नकाशांच्या प्रती काढणाऱ्या दुकानातून काळापांढरा करून घेतला होता. त्यात ओढा, वाट, डोंगर आणि गावाची हद्द अशी सगळी एकाच रंगाची. सरांनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तो कागद पाहिला आणि म्हणाले, "हे काय, शेवया?"

काकांनी शांतपणे घडी घातली. तिथून पुढे दोघांमधला सगळा पत्रव्यवहार माझ्यामार्फत झाला.

सर निवृत्त झाले, फळा सुटला नाही. संजीवनी माचीवरून आळू दरवाजाकडे निघालो तेव्हा निम्मा वर्ग झाला होता. "शीट एकास पन्नास हजार. म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. दोन रेषांमधला चढ २० मीटर. आता या दोन रेषांत एक मिलिमीटर दिसतोय? म्हणजे ५० मीटर चालायचं आणि तेवढ्यात २० मीटर चढायचं. रेषा विरळ तिथे पठार, दाट तिथे चढ, एकमेकींच्या अंगावर पडल्या की कडा." सोंड आणि नाळ यांचा नियमही असाच गोड. रेषा व्हीसारखी मुडपली आणि टोक उताराकडे असलं तर सोंड, चढाकडे असलं तर नाळ. गोम एवढीच की चढ कुठला आणि उतार कुठला, हे आधी रेषेवरचा बारीक आकडा वाचून ठरवावं लागतं. चष्मा गाडीत विसरलेल्या माणसाला सोंड आणि नाळ सारख्याच.

आमच्यातल्या एका पोरीने विचारलं, "सर, सुवेळा माचीचं नेढं यात कुठंय?"

"नाही. समोच्च रेषेला एका जागेची एकच उंची कळते. नेढ्यात खाली खडक, मधे हवा, वर पुन्हा खडक. शीटने काय काय दाखवायचं?"

"म्हणजे नेढं नाही?"

"शीटवर नाही."

काका माझ्याकडे वळले. "त्यांना सांगा, मी त्यात बसून फोटो काढलाय."

माची उतरून धारेवर आलो आणि धुकं आलं. भाद्रपदातलं धुकं, शेजारच्याच्या पाठीवरची सॅक तेवढी दिसायची. शीटवर ही धार सरळसोट होती. प्रत्यक्षात एक टेपाड चढलं की दुसरं, दुसरं उतरलं की कारवीत घुसलेली घसरडी वाट आणि पुढे तिसरं. लोक कुरकुरायला लागले. सर म्हणाले, "१९ मीटरचं टेपाड दोन रेषांच्या मधे नीट बसलं, तर शीटला ते कळतच नाही. २० मीटरच्या आतलं नाहीच असं समजायचं." सहा मजले चढायचे आणि ते नाहीत असं समजायचं, हे गुडघ्यांना पटवणं अवघड गेलं.

धुक्यातली खरी फसवणूक मात्र चढावर होत नाही. चढताना सगळ्या सोंडा एकमेकींना मिळत जातात. चुकलात तरी शेवटी माथ्यावरच जाता. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात, आणि ५० पावलांवर न दिसलेला फाटा तासाभराने तुम्हाला भलत्याच खोऱ्यात नेऊन सोडतो. ओढ्यांचं बरोबर उलट. म्हणून उताराला लागलो की सर प्रत्येक फाट्यावर सगळ्यांना थांबवून शीट, होकायंत्र आणि पायाखालची जमीन यांची तोंडं एका दिशेला करत. वाऱ्यात हात-दीड हात लांबीरुंदीचा कागद धरायचा म्हणजे चार माणसं लागतात. काका त्या चारांत कधीच नसत. ते पाठ करून शेंगदाणे खात उभे राहत. दोनदा सरांचं बरोबर निघालं. शेंगदाणे थांबले नाहीत.

भुतोंड्याच्या खिंडीत डांबरी रस्ता लागला आणि धुकं जरा वर सरकलं. पुढे जायला अकरा नंबर हवा होता. सर रस्त्याच्या कडेला बसले, बारा नंबर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि आभाळाकडे पाहून म्हणाले, "ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणावं." काकांनी शेवया आणल्या.

बाराच्या डोक्यावर अकरा ठेवला. डावे कोपरे जुळले. रेषांना रेषा लागत गेल्या, पण उजवीकडे सरकावं तशा त्या हुकायला लागल्या. उजव्या कोपऱ्यापर्यंत काकांचा कागद पुरा एक सेंटिमीटर तोकडा पडला.

"त्यांना विचारा," सर मला म्हणाले, "अर्धा किलोमीटर सह्याद्री कुठे गेला?"

दुकानदाराने कागद मशीनमध्ये बसावा म्हणून जरा लहान करून छापला होता, हे उघड होतं. काकांनी तळाच्या मोजपट्टीवर बोट ठेवलं. "त्यांना सांगा, डोंगर आटलाय तशी पट्टीही आटलीय. वरचं 'एकास पन्नास हजार' आता खोटं, पण पट्टीने मोजलं तर माझं अंतर बरोबर. बँकेत आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर काय धरतात, ते आम्हाला माहीत असतं."

सर काही बोलले नाहीत. काकांशी ते आधीही बोलत नव्हते, पण हे न बोलणं वेगळं होतं. त्यांनी खिशातून दोरा काढला, काकांच्या धारेवर खिंडीपासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत अंथरला आणि काकांच्याच पट्टीवर मोजला.

पुढची चढण काकांच्या कागदावर झाली. बुधला माचीच्या खाली रेषा एकमेकींत मिसळून काळा पट्टाच झाला होता. वर पाहिलं तर कातळ, आणि कातळाला लावलेली लोखंडी शिडी. सरांनी शीट पाहिलं, शिडी पाहिली. "इथे वाट नाही," म्हणाले. त्यांना उंचीचं जरा वावडं आहे, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. एकेक करून सगळे वर गेले. खाली सर आणि त्यांच्या मागे मी.

वरून काकांचा आवाज आला, "अहो, त्यांना म्हणावं, शिडी वीस मीटरच्या आतली आहे. नाहीच असं समजा आणि या वर!"