डाव्या दंडाचे लाड

कल्याण नाक्याला जाणाऱ्या शेअर रिक्षात मागच्या सीटवर चौथं माणूस येणार, हे आम्ही भिवंडीकर धरूनच चालतो. पण डाव्या दंडामागे साखर मोजणारा सेन्सर चिकटवला, की बसायची जागा हा गहन प्रश्न होतो. उजवीकडे सरकलं तर शेजारणीचं कोपर, डावीकडे कडेला बसलं तर खड्ड्यागणिक रिक्षाची दांडी. मी दांडी पत्करते. निदान ती "हे काय लावलंय हो?" असं विचारत नाही.

वस्तू एवढीशी, दहाच्या नाण्याहून थोडी मोठी. तिची केसासारखी तार जेमतेम 5 मिलिमीटर कातडीत शिरते आणि रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजते. म्हणून आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. जिलेबी खाऊन साळसूद चेहरा करायला तेवढी सवलत पुरते.

दोनेक आठवडे ती टिकवायची तर दंड आधी साध्या साबणाने धुवायचा, स्पिरिटने पुसायचा आणि पुरता वाळू द्यायचा. इथल्या दमट हवेत, पंखा चालू असेल तर, हे जमतं. मी हात वर करून बसले आणि वीज गेली. मग सासूबाईंनी पेपरने वारा घातला. त्यांचा जीव खरा तेलात. "एवढा कोरडा दंड बरा दिसतो का गं?" म्हणत खोबरेल घेऊन त्या टपलेल्याच असतात, आणि तेल लागलं की चिकटपट्टीने मान टाकलीच. आता वरून खेळाडू गुडघ्याला लावतात तसली ताणपट्टी लावते, मधलं भोक मोकळं ठेवून.

रात्रीची तऱ्हा निराळी. मागांच्या खडखडाटात आम्हाला गाढ झोप लागते. तो थांबला तरच जाग येते. पण डाव्या कुशीवर वळलं, दंड दाबला गेला, की आकडा खोटाच घसरतो आणि मोबाईल बोंब मारतो. परवा तीन वाजता 58! हे साखरेचा डबा घेऊन धावले. मी कूस बदलली, खात्रीसाठी बोट टोचलं, तर 112. काढलेली साखर वाया नको म्हणून ह्यांनीच खाल्ली.

राहता राहिला ब्लाउज. बाहीची कड नेमकी सेन्सरवर येते आणि काढताना त्याला सोबत ओढते. अख्ख्या गावात कापड विणलं जातं, पण बाहीत दोन बोटं जास्त सोडायला शिंपीमास्तर राजी नव्हते. "फिटिंग जाईल, ताई." शेवटी मोबाईल दंडाला लावून दाखवला. मास्तरांनी टेप गळ्यात टाकला, चष्मा वर केला.

"आत्ता किती?"

"एकशे बेचाळीस."

मास्तरांनी वहीत बाहीच्या मापाखाली तेही लिहून टाकलं.